लोडवर पडतंय, का रिकामं?

‘सर, लॅपटॉप बंद पडला.’

हे वाक्य एका फ्रीलान्सरनं एका महिन्यात किती वेळा म्हणावं? पहिल्यांदा म्हटलं की समोरचा हळहळतो. दुसऱ्यांदा ‘बॅकअप घेत जा गं’ असा फुकटचा सल्ला देतो. तिसऱ्यांदा फोनवर जी शांतता पसरते ना, ती तुमच्या वाट्याला न येवो! शाळेत ‘बाई, वही घरी राहिली’ म्हणणाऱ्या पोरीकडे बाई जशा बघायच्या, तसं कुणीतरी आपल्याकडे फोनमधून बघतंय हे स्पष्ट कळतं.

मी ते वाक्य मे २०२४ मध्ये चार वेळा म्हटलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मास कॉम केलं, पुण्यात नोकरी केली, नोकरी गेली. त्यानंतर कुणी विचारलं की मी ‘फ्रीलान्सिंग करते’ म्हणायला लागले. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं फ्रीलान्सिंगला परवडेना म्हणून सरळ गाव गाठलं. गाव म्हणजे भोंगवली, तालुका भोर. सातारा रोडनं खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडायचा, कापूरहोळ मागे टाकायचं आणि हायवे सोडून आत वळायचं. पुण्याच्या पब्लिकला भोर म्हटलं की धबधबे आणि हिरवेगार डोंगर आठवतात. तो पश्चिमेकडचा भोर. आमच्या बाजूला मे महिन्यात जमीन तव्यासारखी तापते.

घर दुमजली. खाली आप्पांची पिठाची गिरणी, मागे स्वयंपाकघर, वर पत्र्याची एक खोली. ती माझं ‘ऑफिस’. फर्निचर म्हणजे एक पलंग आणि त्यावर आजीनं शिवलेली गोधडी. त्या गोधडीवर मी, माझ्या मांडीवर लॅपटॉप. वर्क फ्रॉम होमचे फोटो इन्स्टावर टाकायला एकदम सही जागा!

आप्पांना माझं काम नक्की काय आहे ते कळायचं नाही. गिऱ्हाइकांना ते ‘पोरगी घरनं काम करती’ एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे. त्या विषय बदलण्यातच सगळं आलं.

तर त्या मे महिन्यात मला एक छान काम मिळालं होतं. भाटघर धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की पाण्याखालचं जुनं मंदिर उघडं पडतं. त्यावर आठ मिनिटांचा व्हिडिओ. शूट मी केलेलं, एडिटही मीच करणार. ७ तारखेला आमच्या बारामती मतदारसंघाचं मतदान उरकलं आणि सगळ्यांना एकदम निवडणुकीपेक्षा वेगळं काहीतरी हवं झालं. मंदिर काही वर्षभर दिसत नाही. पाऊस आला, धरण भरायला लागलं की विषय संपला. म्हणजे डेडलाइन माझ्या संपादकांनी नाही, वळवानं ठरवलेली.

आणि लॅपटॉप बंद पडायला लागला.

सुरुवातीला स्क्रीन एकदम काळी व्हायची, सेकंद-दोन सेकंदांनी परत यायची आणि कोपऱ्यात मेसेज, की डिस्प्ले ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो सावरलाय. सावरला तर ठीक, नाहीतर निळी स्क्रीन. खाली बारीक अक्षरात ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’. मग कधी कधी हेही नाही. पंखा विमानासारखा आवाज करतोय, करतोय आणि खटकन सगळं बंद. मेसेज नाही, निळं नाही, काही नाही. कुणीतरी वायर ओढल्यासारखं.

मी काय केलं? जे सगळे करतात तेच. दिसेल त्याला विचारलं. इंजिनीअरिंगला असलेला चुलतभाऊ म्हणाला, ‘ताई, ड्रायव्हर अपडेट कर.’ केला. कॉलेजमधला मित्र म्हणाला, ‘फॉरमॅट मार.’ मारला. फॉरमॅटनंतर अर्धा दिवस लॅपटॉप असा शहाण्यासारखा वागला की मी आईला शिरा करायला सांगितला. संध्याकाळी पुन्हा काळी स्क्रीन. शिरा वाया गेला नाही, एवढंच.

शेवटी एसटीनं पुण्याला गेले. एका रिपेअरच्या दुकानात लॅपटॉप ठेवला. तिथल्या मुलानं दोन दिवस चालवून बघितला. एकदाही पडला नाही. ‘मॅडम, काही प्रॉब्लेम नाहीये,’ म्हणाला. मी घरी आणला, दुपारी सुरू केला, वीस मिनिटांत खटकन बंद. फोन केला तर तो म्हणाला, ‘मग मदरबोर्ड असेल. अठरा हजार.’ त्या महिन्यात माझी कमाईच तेवढी नव्हती.

त्या दुकानात एसी होता, ही गोष्ट माझ्या डोक्यात तेव्हा आलीच नाही.

त्याच दुपारी संपादकांना चौथा फोन झाला. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. ‘राहू दे, जमेल तेव्हा दे,’ म्हणाले. फ्रीलान्सरच्या भाषेत याचा अर्थ काय होतो ते फ्रीलान्सरनाच विचारा. मी गोधडीवर बसून जे काही बोलले ते इथे छापता येणार नाही. पत्रा पातळ असतो आणि खाली गिरणी नेमकी बंद होती.

आप्पा वर आले. वर ते सहसा येत नाहीत. अंगावर पीठ, पांढऱ्या भुवया. काही विचारलं नाही. लॅपटॉप उचलला आणि उलटा करून तळाला हात लावला. बेअरिंगला लावतात तसा, पंजाच्या मागच्या बाजूनं.

‘केवढं तापलंय गं हे.’

‘आप्पा, लॅपटॉप तापतातच.’

‘कधी पडतंय? लोडवर पडतंय, का रिकामं?’

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. गिरणीची मोटर बंद पडली की पहिलं हेच बघायचं. दाणे पडत असताना बंद पडली, तर जातं, पट्टा, बेअरिंग बघायचं. कुठेतरी घासतंय, ताण येतोय, तापतंय. रिकामी फिरतानाच पडली तर मोटरला हातही लावायचा नाही, दुखणं वायरिंगमध्ये किंवा स्टार्टरमध्ये. हे दोन वेगळे आजार. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की पैसे जातात आणि मोटर तिथंच.

महिनाभर मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकानंही मला हा प्रश्न विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता, आणि म्हणे पत्रकार!

आप्पांनी उधारीची वही दिली. ‘मागल्या पानावर लिही. कधी पडलं, काय चालू होतं, कसं पडलं.’ मी लिहायला लागले. त्यात एक रकाना माझा वाढवला: खोलीतलं तापमान. खताच्या दुकानानं दिवाळीला वाटलेलं एक घड्याळ आमच्याकडे आहे, ते वेळेबरोबर तापमानही दाखवतं. ते खालून काढून वर टांगलं.

चार दिवसांत चौदा नोंदी झाल्या आणि चित्र इतकं स्वच्छ दिसलं की मला स्वतःची लाज वाटली. सकाळी सहा-सातला, खोलीत २७-२८ अंश असताना, लॅपटॉप पडत होता तो नुसता व्हिडिओ लावला किंवा ब्राउझर उघडला तरी. म्हणजे जवळपास रिकामा. आणि दर वेळी काळी स्क्रीन, मेसेज किंवा निळं. दुपारी बारानंतर, घड्याळात ४१-४३, तेव्हा पडत होता तो एडिट केलेला व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना, म्हणजे फुल लोडवर. आणि दर वेळी खटकन, बिनबोभाट. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये जाऊन पाहिलं तर तिथंही दोन जाती: सकाळच्या वेळांसमोर ४१०१ नंबरची डिस्प्लेची नोंद, दुपारच्या वेळांसमोर ४१ नंबरची ‘कर्नल पॉवर’. दुसरीचा अर्थ इतकाच, की मशीन नीट बंद न होता बंद झालं. बिचाऱ्या विंडोजलाही कारण कळलेलं नसतं.

एक नाही, दोन लोचे होते. आणि ते एकमेकांना पाठीशी घालत होते.

आता थोडं तांत्रिक, पण घाबरू नका. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स चिप यांच्यामधला दुभाष्या. विंडोज चिपला काम देतं आणि उत्तराची वाट बघतं. किती वेळ? साधारण दोन सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर विंडोज चिप अडकलीये असं धरतं आणि ड्रायव्हर जबरदस्तीनं पुन्हा सुरू करतं. ती काळी स्क्रीन म्हणजे हे चाललेलं असतं. ही सोय व्हिस्टापासून, म्हणजे २००७ मध्ये लोकांच्या हातात आलेल्या विंडोजपासून आहे. त्याआधी अशा वेळी थेट मशीनच लटकायचं. सावरण्याचा प्रयत्नही फसला की मग निळी स्क्रीन.

दुभाष्याची एक चूक आणि अख्खं मशीन आडवं, असं का? कारण ड्रायव्हरचा एक भाग विंडोजच्या अगदी गाभ्यात बसून चालतो. ब्राउझर कोसळला तर फक्त ब्राउझर जातो. गाभ्यात काही कोसळलं की सगळंच खाली येतं. माझी ही भानगड झाल्यावर दोनच महिन्यांनी, १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स निळी पडली, विमानं खोळंबली. ते प्रकरण ग्राफिक्सचं नव्हतं, पण ते सॉफ्टवेअरही त्याच गाभ्यात बसणारं. टीव्हीवर विमानतळांच्या निळ्या स्क्रीन बघून आई म्हणाली, ‘अगं, तुझ्यासारखंच झालंय की!’

ग्राफिक्स ड्रायव्हरची बदनामी तशी जुनीच. व्हिस्टा नवीन होतं तेव्हाचे, २००७ मधले मायक्रोसॉफ्टचे आकडे पुढे अमेरिकेतल्या एका कोर्टकचेरीत बाहेर आले. नोंदल्या गेलेल्या क्रॅशपैकी जवळपास २९ टक्के एन्व्हिडियाच्या ड्रायव्हर्सच्या नावावर होते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नावावर जवळपास १८, एटीआय आणि इंटेलच्या नावावर प्रत्येकी नऊ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कुणीच सोवळं नव्हतं. (माझ्या लॅपटॉपमधली चिप कुणाची, ते विचारू नका. मुद्दा तो नाही.)

सकाळचा आजार हा होता. फॉरमॅट मारूनही तो का परत आला, तेही आता कळलं. ड्रायव्हर बिघडलेला होता तो विंडोजनं आपणहून आणलेला. फॉरमॅटनंतर नेट जोडल्या जोडल्या विंडोजनं मोठ्या प्रेमानं तोच पुन्हा आणून बसवला. चुलतभावाचा ‘अपडेट कर’ हाही त्याच्याच पायरीचा सल्ला. मला हवं होतं ते उलटं, मागे जाणं. ड्रायव्हर मुळापासून उपटायला ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर मिळतं. नेट बंद करून, सेफ मोडमध्ये ते चालवलं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून जुना, त्याच मॉडेलसाठीचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवला होता, तो घातला. विंडोजनं पुन्हा आगाऊपणा करू नये म्हणून ड्रायव्हर आपोआप आणायची सोय बंद केली.

लगेच मला तळही उघडायचा होता. आप्पांनी हात धरला. ‘थांब. दोन्ही एकदम केलंस तर कशानं बरं झालं ते कळायचं नाही.’ माझ्याकडे वेळ नव्हता, आभाळ रोज दुपारनंतर भरून येत होतं. तरी थांबले. तीन सकाळी एकही काळी स्क्रीन नाही. वहीत सकाळचा रकाना कोरा.

दुपारी मात्र तेच. खटकन.

‘आता उघड,’ आप्पा म्हणाले.

बारीक स्क्रू ड्रायव्हरनं तळाचे स्क्रू काढले आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. तुमच्या लॅपटॉपमध्ये धूळ निघते. माझ्या लॅपटॉपमध्ये पीठ निघालं! पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या नळीच्या टोकाला ज्या बारीक पत्र्यांच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते, तिथं पिठाचा चक्क थर बसला होता. गव्हाचं, ज्वारीचं, बाजरीचं, मागच्या पावसाळ्याची ओल लागून घट्ट झालेलं. नखानं टोकरला तर पापडासारखा सुटला. पंखा जीव तोडून फिरत होता, पण हवेला वाटच नव्हती. त्यात तळाला गोधडी. म्हणजे आत जायचा रस्ताही मीच बुजवलेला.

आप्पा बराच वेळ त्या पापडाकडे बघत होते. मग म्हणाले, ‘माझंच पीठ आहे हे.’

मी म्हटलं, ‘आप्पा, गोधडी माझी होती.’

त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही. त्यांनी मोटर झाडायचा ब्लोअर आणला. पंख्याची पाती अगरबत्तीच्या काडीनं अडवून धरली, कारण ब्लोअरच्या झोतानं पंखा भलत्या वेगानं फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून थर्मल पेस्ट मागवली. चिप आणि तांब्याच्या पट्टीमध्ये ही पेस्ट असते, उष्णता पलीकडे पोचवायला. माझी वाळून खडूसारखी झाली होती. पेस्टला शे-दोनशे रुपये लागले. अठरा हजार नाही.

या निमित्तानं कळलेली एक गोष्ट मला फार आवडली. पंखा चिपला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. तो फक्त खोलीतली हवा चिपवरून फिरवतो. त्यामुळे खोली १५ अंशांनी तापली की आतली चिपही साधारण तेवढीच जास्त तापते. दुकानाच्या एसीत माझा लॅपटॉप दोन दिवस गुणी बाळासारखा का वागला, याचं उत्तर एवढं साधं. बरेचसे लॅपटॉप १०० अंशांच्या आसपास पोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात. तरी भागलं नाही की स्वतःला बंद करतात.

हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे स्टार्टर पडतो तसंच. मग पडत होतं ते चांगलंच की. पडलं नसतं तर जळालं असतं.’

महिनाभर ज्याला शिव्या घातल्या, तो बिचारा स्वतःला वाचवत होता.

आणि हे दोन आजार कायम वेगळेच असतात असंही नाही बरं का. मार्च २०१० मध्ये एन्व्हिडियाला आपला १९६.७५ नंबरचा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला होता. तो घातल्यावर काही कार्डांचे पंखे नीट फिरत नाहीत, कार्डं तापतात अशा तक्रारी आल्या होत्या. म्हणजे चूक दुभाष्याची आणि ताप चिपला. उलटंही होतं. अतिशय तापलेली चिप उत्तर द्यायला अडखळते आणि विंडोज ड्रायव्हरच्या नावानं बोंब मारतं. म्हणून नुसता मेसेज वाचून निकाल देऊ नये. तापमान दाखवणारं ‘एचडब्ल्यूइन्फो’सारखं फुकट सॉफ्टवेअर लावावं आणि पडण्याच्या आधीचा आकडा बघावा. माझा साफसफाईआधी ९७ असायचा. नंतर त्याच खोलीत, त्याच दुपारी, तोच व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना ८१.

तोच व्हिडिओ म्हणजे मंदिराचा. तो पूर्ण एक्स्पोर्ट झाला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, पत्र्याखाली ४२ अंश. मी आणि आप्पा पलंगाच्या कडेला बसून ती टक्क्यांची हिरवी पट्टी बघत होतो. नव्वदच्या पुढे गेल्यावर आप्पांनी श्वास रोखला होता, मी खरंच पाहिलं. शंभर झाले. मग त्यांनी अख्खा व्हिडिओ बघितला. मी काय काम करते ते त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. संपल्यावर म्हणाले, ‘धरणाकडचा तो म्हातारा चांगला बोललाय. त्याला अजून बोलू द्यायचं होतंस.’

संपादकांचंही तेच मत पडलं, पण ते नंतर. व्हिडिओ दोन दिवस उशिरा गेला, लागला, बऱ्यापैकी बघितला गेला. पुढचे तीन महिने मात्र त्यांच्याकडून एकही काम आलं नाही. मी कारण विचारलं नाही. लॅपटॉप दुरुस्त झाला तरी चार फोन व्हायचे ते होऊन गेले होते.

आता मी मागच्या पडवीत बसते. तिथं गिरणीचं पीठ येत नाही आणि पत्रा नाही. लॅपटॉपखाली लाकडी पाट आहे, चौरंगाच्या जोडीचा. उन्हाळ्यात जड एडिट पहाटे चारला उठून करते, दहापर्यंत संपवते. दर तीन महिन्यांनी, गिरणीच्या जात्याला टाकी लावायचा दिवस येतो तेव्हाच लॅपटॉपचाही तळ उघडतो. सकाळी गिरणी सुरू करायला जाताना आप्पा वाकतात, पंजाच्या मागच्या बाजूनं पाटाखाली हात लावून बघतात आणि पुढे जातात. गिऱ्हाइकांना हल्ली सांगतात, ‘पोरगी पिक्चर बनवती.’ ते खरं नाही, पण विषय तरी बदलत नाहीत.

उधारीची वही मात्र त्यांनी लगेच परत मागून घेतली. माझ्या चौदा नोंदींचं पान फाडून ठेवायचं होतं मला, आठवण म्हणून. आप्पा म्हणाले, ‘फाडू नको. त्याच्या पाठीमागं एकाची दोन वर्षांची बाकी आहे.’